थांबलेली रेघ

एकत्र कुटुंबांत वही लिहिणारा एक असतो आणि वहीवर विसंबणारे दहा असतात. त्या एकाची चूक झाली तर ती त्या एकापुरती राहत नाहीं. आमच्या घरीं ही गोष्ट २०२४ सालीं घडली, व चूक करणारा प्रस्तुत लेखकच होता. म्हणून ह्या खेपेस नेहमींचे घरखर्चाचे विषय बाजूस ठेवून संगणकावरील आलेखाविषयीं लिहीत आहें. विषय रूक्ष वाटेल. परंतु ज्यांच्या घरीं रक्तशर्करा, रक्तदाब, विजेचें बिल किंवा मुलांचे गुण यांचें पत्रक ठेवलें जातें, त्यांनीं हे चार शब्द शेवटपर्यंत वाचावे अशी विनंती आहे.

आमच्या वहिनींस मधुमेह आहे. दादांची दृष्टि मंद झाल्यामुळें रोज सकाळीं बोट टोंचून येणारा आंकडा लिहून ठेवण्याचें काम माझ्याकडे आलें. पुतण्यानें संगणकावर एक्सेलचें पत्रक मांडून दिलें : 'ए' ह्या रकान्यांत तारीख, 'बी' मध्यें उपाशीपोटींचा आंकडा, 'सी' मध्यें कांहीं विशेष घडलें असल्यास शेरा. १ जून २०२४ पासून मी नेमानें लिहूं लागलों. ३१ जुलैस पुतण्या सुटींत आला असतां त्यानें त्या आंकड्यांचा सुरेख आलेख काढून दिला. रेघ जवळजवळ सपाट होती. आम्हां सर्वांस समाधान वाटलें.

पुढें मी रोज एक ओळ लिहीतच गेलों. सप्टेंबरच्या मध्यास डॉक्टरांकडे जातांना आलेख छापून नेला. त्यांनीं तो पाहिला, "स्थिर आहे, तेंच औषध चालूं द्या," असें सांगितलें, आणि आम्ही घरीं आलों. गणपतीचे दिवस नुकतेच सरत होते. त्यानंतर वहिनींना तहान फार लागूं लागली, रात्रीं तीन-तीन वेळां उठावें लागे, वाचतांना अक्षरें पुसट दिसत. "वयच झालें आतां," म्हणून त्या बोलणें टाळीत. आणि मीही आलेखाकडे बोट दाखवून त्यांस धीर देत असें!

दसऱ्याच्या दोन दिवस आधीं, १० ऑक्टोबरला, धाकटी नात माझ्या शेजारीं येऊन बसली. पडद्याकडे पाहून ती म्हणाली, "आजोबा, आपण आंकडे ऑक्टोबरचे लिहितां, मग ही रेघ जुलैंतच कां थांबली?"

मी चष्मा पुसून पाहिलें. रेघ ३१ जुलैवर थांबली होती. आलेखाची व्याप्ति ओळ २ ते ओळ ६२ एवढीच होती. मी मात्र ओळ १३३ वर येऊन पोंचलों होतों. मधले ७१ दिवस पत्रकांत होते, आलेखांत नव्हते. त्याच ७१ दिवसांत जुलैंतील १२० च्या आसपासचा आंकडा चढत चढत १७० च्या वर गेला होता. रोज एकेक आंकडा लिहिणाऱ्या माझ्या ध्यानांत ती चढण आली नाहीं. कारण आंकड्यांकडे पाहण्याचें काम मीं आलेखावर सोंपविलें होतें, आणि आलेख तर अडीच महिन्यांपूर्वींचा होता.

दुसऱ्याच दिवशीं डॉक्टरांस संपूर्ण आंकडे दाखविले. त्यांनीं तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी करविली, औषध बदललें व डोळे तपासून घेण्यास सांगितलें. मी ओशाळून क्षमा मागूं लागलों, तेव्हां ते म्हणाले, "गुरुजी, आलेख खोटा नव्हता. तो जुना होता, आणि जुना आहे हें त्यावर कोठें लिहिलेलें नव्हतें." हें वाक्य माझ्या मनांत रुतून बसलें. पुढील सर्व उद्योग त्यांतूनच निघाला.

रेघ थांबली कां, हें प्रथम समजून घेऊं. ज्यांनीं लहानपणीं लघुकौमुदीचीं पहिलीं पानें घोकलीं आहेत त्यांना ही गोष्ट चटकन् उमजेल. चौदा माहेश्वर सूत्रांतून आपण प्रत्याहार करतों. 'अच्' म्हटलें कीं 'अ' पासून 'च्' ह्या खुणेपर्यंतचे सर्व स्वर आले. आदि सांगितला, अंत्य खूण सांगितली, मधलें सर्व आपोआप आलें. आतां समजा, त्या दोहोंच्या मध्यें कोणीं एक नवा वर्ण घातला, तर तो 'अच्' मध्यें विनासायास येईल. परंतु 'च्' च्या पलीकडे ठेवला तर 'अच्' त्याला ओळखणारसुद्धां नाहीं. संगणकाच्या पत्रकांतील व्याप्ति अगदीं अशीच वागते. 'बी२ ते बी६२' असें एकदां सांगितलें कीं, त्यांच्या मध्यें नवी ओळ घुसविल्यास व्याप्ति आपण होऊन वाढते. पण ६३ व्या ओळींत लिहिलेलें तिच्या बाहेरच राहतें. आणि वही लिहिणारा माणूस नवी नोंद नेहमीं शेवटींच करतो! म्हणजे जेथें वाढ होते तेथेंच आलेख आंधळा, असा हा प्रकार आहे.

आलेख काढण्याची विद्या कांहीं आजची नव्हे. विल्यम प्लेफेअर नांवाच्या स्कॉटिश गृहस्थानें १७८६ मध्यें लंडनहून प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत व्यापाराचे आंकडे रेघांनीं दाखविले. त्या काळीं रेघ हातानें काढावी लागे, म्हणून ती कोठवर आली हें काढणाऱ्यास पक्कें ठाऊक असे. १९७९ सालीं व्हिझिकॅल्क हें पहिलें लोकप्रिय संगणकीय पत्रक निघालें, १९८५ मध्यें एक्सेल आलें, आणि रेघ काढण्याचे कष्ट वांचले. कष्टांबरोबर लक्षही गेलें, हें मात्र आपल्याला कळलें नाहीं.

आतां उपाय. पहिला व सर्वांत सोपा उपाय आधीं सांगतों, कारण ज्याचें काम सुईनें भागतें त्यानें तलवार उचलूं नये. आंकड्यांवर कर्सर ठेवून 'कंट्रोल' व 'टी' ह्या कळा एकत्र दाबल्या असतां त्या रकान्यांचें 'टेबल' होतें. टेबलाच्या लगत खालीं नवी ओळ लिहिली कीं टेबल वाढतें, व त्यावर उभारलेला आलेखही वाढतो. पुष्कळ घरांस एवढें पुरे आहे.

परंतु आम्हांस दोन गोष्टी अधिक हव्या होत्या. पहिली ही कीं, वर्षभराचे आंकडे एकाच आलेखांत कोंबल्यास अलीकडील चढउतार दिसेनासे होतात. म्हणून आलेखानें सदैव शेवटचे नव्वद दिवसच दाखवावे. दुसरी ही कीं, आलेखाच्या शिरोभागीं 'अमुक तारखेपर्यंत' असें आपोआप लिहिलें जावें. त्यासाठीं मॅक्रो, म्हणजे संगणकास एकदां लिहून दिलेली आज्ञावली, उपयोगी पडते. एक्सेलमध्यें ह्या आज्ञा १९९३ पासून व्हिज्युअल बेसिक ह्या भाषेंत लिहितां येतात. व्याकरण शिकलेल्या माणसास ती अवघड नाहीं. नियम थोडे, आणि अपवाद आपल्या व्याकरणाहून पुष्कळ कमी.

पत्रकाच्या तळाशीं त्याच्या नांवाची पट्टी असते. तिच्यावर माऊसची उजवी कळ दाबून 'व्ह्यू कोड' निवडावें. एक कोरी खिडकी उघडते. तींत पुढील ओळी रोमन लिपींत टंकावयाच्या आहेत. येथें त्यांचे उच्चार नागरींत देतों. घरांतील शाळकरी मुलें त्या सहज उतरवून देतील.

सब रेघपुढे()
डिम आरंभ ॲज लाँग, शेवट ॲज लाँग
शेवट = मी.सेल्स(मी.रोज.काउंट, "ए").एंड(एक्सएलअप).रो
आरंभ = शेवट - ८९
इफ आरंभ < २ देन आरंभ = २
विथ मी.चार्टऑब्जेक्ट्स(१).चार्ट
.सीरीजकलेक्शन(१).एक्सव्हॅल्यूज = मी.रेंज("ए" & आरंभ & ":ए" & शेवट)
.सीरीजकलेक्शन(१).व्हॅल्यूज = मी.रेंज("बी" & आरंभ & ":बी" & शेवट)
.हॅजटायटल = ट्रू
.चार्टटायटल.टेक्स्ट = मी.रेंज("ई१").व्हॅल्यू & " " & मी.सेल्स(शेवट, "ए").टेक्स्ट
एंड विथ
एंड सब

आतां अन्वय लावूं. 'सब' आणि 'एंड सब' ह्या उपक्रम व उपसंहाराच्या खुणा. 'डिम' च्या ओळींत आरंभ व शेवट हीं दोन नांवें पूर्णांकांसाठीं राखून ठेवलीं. तेथें 'इंटिजर' न लिहितां 'लाँग' लिहावें. कारण 'इंटिजर' ३२,७६७ च्या पुढें जात नाहीं, आणि पत्रकांत तर १०,४८,५७६ ओळी आहेत. 'मी' म्हणजे ज्या पत्रकाच्या खिडकींत आपण लिहीत आहों तेंच पत्रक. हा इंग्रजी शब्द. पण उच्चार व अर्थ दोन्ही आपल्या 'मी' शीं जुळतात, ही मौजच म्हणावयाची! हा 'मी' गाळला तर काय होतें? ह्या खिडकींत बहुधा निभावतें. परंतु त्याच ओळी दुसऱ्या सामान्य खिडकींत नेल्या तर 'मी' मुळींच चालत नाहीं, आणि त्याच्याशिवाय संगणक जें पान त्या क्षणीं समोर असेल त्याचेच आंकडे घेतो. वहिनींच्या आलेखांत विजेच्या बिलाचे आंकडे येऊन बसूं नयेत म्हणून कर्ता स्पष्ट सांगितलेला बरा.

तिसरी ओळ हा सगळ्याचा प्राण. तिचा अर्थ असा : 'ए' रकान्याच्या अगदीं तळच्या घरांत जा, तेथून वर चढत या, आणि जें पहिलें भरलेलें घर लागेल त्याच्या ओळीचा क्रमांक सांग. हें तळापासून वर कशाला, वरून खालीं कां नको, असा प्रश्न कोणाही विचारी वाचकास पडेल. मलाही पडला होता. म्हणून पहिल्या प्रयत्नांत मीं 'बी' रकान्यांत वरून खालीं, म्हणजे 'एक्सएलडाउन' असें लिहिलें. रेघ वाढली खरी, पण १९ ऑगस्टवर पुन्हां अडली! शोध घेतां कळलें कीं, २० ऑगस्टला मापनाच्या पट्ट्या संपल्या होत्या, म्हणून ८२ व्या ओळींत 'बी' चें घर रिकामें होतें. वरून निघालेला संगणक पहिल्या खळग्यापाशीं थांबतो, आणि पलीकडे वस्ती आहे कीं नाहीं ह्याची चौकशी करीत नाहीं. तळापासून वर येणाऱ्यास मधले खळगे आड येत नाहींत. शिवाय मोजणी 'ए' वर केली, कारण मापन चुकलें तरी तारीख चुकत नाहीं.

भरलेलीं घरें मोजून ओळ ठरविण्याचीही एक पद्धति आहे. तींतही हाच धोका आहे. मध्यें तीन घरें रिकामीं असलीं तर संख्या तीननें कमी भरते, आणि नेमके शेवटचे तीन दिवस गळतात. किती भरलीं आणि कोठवर भरलीं, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

चौथ्या ओळींत ८९ कां? शेवटचा दिवस धरून नव्वद व्हावे म्हणून. ओळ १३३ मधून ८९ वजा केले कीं ४४ उरतात. ४४ पासून १३३ पर्यंत दोन्ही टोंकें धरून नव्वद ओळी होतात. ही एकाची चूक हिशेबनिसांची जुनी वैरीण आहे. पांचवी ओळ सुरुवातीच्या दिवसांसाठीं; नोंदी नव्वदांहून कमी असल्या तर आरंभ मथळ्याच्याही वर जाऊं नये म्हणून. पुढील दोन ओळींत आडव्या अक्षावर तारखा व उभ्या अक्षावर आंकडे बसविले.

शेवटच्या दोन आज्ञा शिरोलेखाच्या. तेथें "वहिनींची साखर, पर्यंत" असा मजकूर सरळ आज्ञेंत लिहिण्याचा मोह होईल. परंतु ह्या खिडकीला नागरी लिपि समजत नाहीं, आपल्या अक्षरांच्या जागीं बहुधा प्रश्नचिन्हें उमटतात. म्हणून तो मजकूर पत्रकाच्याच 'ई१' ह्या घरांत मराठींत लिहून ठेवावा आणि आज्ञेनें तो तेथून उचलावा. तारखेचा रकाना मात्र पुरेसा रुंद ठेवावा; अरुंद रकान्यांत तारखेऐवजीं जाळीच्या खुणा दिसतात, व त्याच शिरोलेखांत उतरतात.

राहिलें एकच काम : ही आज्ञा चालवावयाची कोणीं? 'आल्ट' व 'एफ८' दाबून ती हातानें चालवितां येते. पण जें माणसाच्या स्मरणावर सोंपविलें तें एक दिवस राहणारच. म्हणून त्याच खिडकीच्या माथ्यावर जे दोन पडदे आहेत, त्यांतील डाव्यांत 'वर्कशीट' व उजव्यांत 'चेंज' निवडावें. आरंभ आणि अंताच्या दोन ओळी आपोआप उमटतात. त्यांच्या मध्यें 'रेघपुढे' एवढेंच लिहावें. डाव्या पडद्यांत 'वर्कशीट' निवडतांच 'सिलेक्शनचेंज' अशीही एक कोरी जोडी उमटते. ती पुसून टाकावी. आतां पत्रकांत नवी नोंद होतांच रेघ आपण होऊन पुढें सरकते.

कांहीं पथ्यें सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाहीं. न मोजलेल्या दिवशीं घर रिकामें सोडावें. शून्य लिहिल्यास रेघ तळाला जाऊन येते, आणि आडवी रेघ किंवा 'नाहीं' असा शब्द लिहिला तरी आलेख त्याला शून्यच समजतो. 'ए' रकान्यांत तारखांखेरीज कांहींही लिहूं नये. मीं हौसेनें ४०० व्या ओळींत "ही वही कोणीं पुसूं नये" असें लिहून ठेवलें होतें. तळापासून वर चढणारा संगणक प्रथम त्या सूचनेवरच येऊन आदळला, आणि आलेखाचा मोठा भाग कोरा दिसूं लागला! मॅक्रोनें केलेला बदल 'अनडू' नें परत फिरत नाहीं, म्हणून फाइलीची एक प्रत आधीं निराळी ठेवावी. फाइल साठवितांना मॅक्रोसहित साठविण्याचा प्रकार निवडावा, त्याचें आडनांव 'एक्सएलएसएम'. साध्या प्रकारांत साठविल्यास आज्ञा गळून जातात. आणि मोबाइलवरील एक्सेलमध्यें हे मॅक्रो चालत नाहींत, हेंही ध्यानांत असावें. तेथें नोंद केली तर रेघ घरच्या संगणकावर पुढली नोंद होईपर्यंत जुनीच राहील. अशा वेळीं शिरोलेखांतील तारीखच आपली राखण करते.

आणखी एक. परक्यानें पाठविलेल्या फाइलींतील मॅक्रो चालूं करूं नये. १९९९ मध्यें मेलिसा नांवाचा उपद्रव अशाच मॅक्रोच्या वाटेनें, पत्रांबरोबर आलेल्या कागदांतून जगभर पसरला होता. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टनें इंटरनेटवरून उतरविलेल्या फाइलींचे मॅक्रो आधींच अडविण्याची व्यवस्था केली आहे. तो अडसर कोणाच्या सांगण्यावरून काढूं नये. आज्ञा आपण लिहावी, किंवा आपल्या माणसानें लिहिलेली वाचून समजून घ्यावी.

असो. औषध बदलल्यावर दिवाळीपर्यंत आंकडे उतरूं लागले, आणि डोळ्यांस इजा झालेली नाहीं असें तपासणींत दिसून आलें. दैवानें वेळ दिला, एवढेंच मी म्हणेन. त्यांत माझें कर्तृत्व कांहीं नाहीं. कर्तृत्व असेल तर तें 'रेघ कां थांबली' असें विचारणाऱ्या लहान मुलीचें. आम्ही मोठीं माणसें रेघ सपाट आहे कीं चढती एवढेंच पाहत होतों. ती कोठें संपते हें पाहण्याचें कोणाच्याच मनांत आलें नाहीं. तेव्हांपासून घरांत एक नियम केला आहे. कोणताही आलेख, कोणताही हिशेब समोर आला कीं प्रथम त्याची शेवटची तारीख वाचावयाची, मग आंत काय आहे तें पाहावयाचें.

परवां सकाळीं आंकडा लिहितांच रेघ पुढें सरकली, तेव्हां वहिनी मागें उभ्या होत्या. म्हणाल्या, "भावजी, आतां ही रेघ मला चोरून लाडूसुद्धां खाऊं द्यायची नाहीं!" मीं म्हटलें, "वहिनी, तेवढ्यासाठींच तर तिला चालायला शिकविली."